चेक इंजिनची लाइट लागली? सेन्सर विकत घ्यायच्या आधी कपलर उघडून बघा

गेल्या वर्षी चतुर्थी झाली, विसर्जन झालं, पाहुणे गेले आणि तिसऱ्या दिवशी डिचोलीहून फोंड्याला जाताना माझ्या गाडीत चेक इंजिनची पिवळी लाइट लागली. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, बीएस४ वाली, म्हणजे बीएस६ च्या आधीच्या प्रदूषण नियमातली. चालत होती तशी ठीक, फक्त सकाळी सेल्फ मारला की पेट्रोलचा वास यायचा आणि इंजिन गार असतानाच रेडिएटरचा फॅन घुर्र करून सुरू व्हायचा. एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी स्कॅनर लावला, "कूलंट टेम्परेचर सेन्सर गेलाय" म्हणाले, नवीन टाकला, पैसे घेतले, लाइट विझवून दिली. आठ दिवसांनी परत तीच लाइट, तोच कोड. मग वैतागून घरच्या शेडमध्ये मीच बॉनेट उघडून बसलो, शेजारी एक मेकॅनिक राहतो तो कुंपणावरून बघत होता, म्हणाला, "सेन्सर बरो आसा रे, पिन पळय, पिन!" म्हणजे सेन्सर चांगला आहे, पिन बघ. आणि खरंच, कपलरच्या, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या, आतल्या एका पिनेवर हिरवट बुरा चढलेला. वर्कशॉपवाल्यांनी कपलर काढून परत लावला तेव्हा तो बुरा थोडा खरवडला गेला असणार, म्हणून आठ दिवस बरं चाललं, एवढंच.

तेव्हापासून मी घरी काय काय तपासतो ते सांगतो. मी मेकॅनिक नाही, पण यातलं बरंच काम कोणालाही जमण्यासारखं आहे, आणि गोव्यात तर जमायलाच हवं, कारण आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस, वर पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली येणारे उंदीर. सेन्सर बिचारा बऱ्याचदा धडधाकट असतो, मार खातो तो कपलर नाहीतर वायर.

पहिलं म्हणजे लाइट कशी लागलीय ते बघा. स्थिर पेटलेली असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं काही नाही, घरी या आणि निवांत बघा. पण लाइट लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय असा त्याचा अर्थ, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो कन्व्हर्टर वितळू शकतो, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग. तेव्हा बाजूला घ्या, बंद करा, टो करून न्या. तापमानाची लाल लाइट किंवा ऑइलची लाल लाइट लागली तर तो वेगळाच विषय, तिथे घरचे प्रयोग नकोत. आणि हो, किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी ही लाइट लागायलाच पाहिजे, ती तिची स्वतःची तपासणी असते. जुनी गाडी घेताना ती तेव्हाही लागत नसेल तर कोणीतरी बल्बच काढून ठेवलाय असं समजा.

आता कोड वाचायचा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस४ गाड्यांना ओबीडी२, म्हणजे गाडीने आपला बिघाड कोडमध्ये सांगायची सोय, सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बीएस४ किंवा बीएस६ गाडीत स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट सापडेल, कधीकधी झाकणामागे. त्यात लावायचं ईएलएम३२७ वालं ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांपासून ऑनलाइन मिळतं आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर सारखं अ‍ॅप टाकलं की झालं. आयफोन असेल तर वायफायवालं किंवा ब्लूटूथ एलई वालं बघून घ्या, साधं ब्लूटूथ त्याला चालत नाही. स्वस्तातली काही डोंगलं नकली असतात, जोडलीच जात नाहीत, तेव्हा परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आणि काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटमध्ये किल्ली बंद असली तरी बॅटरीचा सप्लाय असतो, डोंगल तसंच राहिलं आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर सेल्फ मारायला करंट उरायचा नाही.

कोड आला की आधी लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट मारा, आणि सोबत फ्रीझ फ्रेम असते तीसुद्धा, म्हणजे लाइट लागली त्या क्षणी स्पीड किती होता, आरपीएम किती, इंजिन गरम होतं का गार. लोक काय करतात, उत्साहात लगेच क्लिअर दाबतात आणि मग सगळा पुरावा गेला. बॅटरीची वायर काढून लाइट विझवणारे तर आणखी थोर, त्यात घड्याळ, रेडिओ आणि इंजिनचं शिकलेलं आयडलिंग सगळं पुसलं जातं आणि फॉल्ट जिथल्या तिथे.

कोड काय सांगतो हे नीट समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो पार्ट गेला असं म्हणत नाही, त्या सर्किटमध्ये मला पटत नाही असा व्होल्टेज दिसतोय एवढंच म्हणतो. माझा कोड होता पी०११८, कूलंट टेम्परेचर सर्किट हाय. हे हाय वाचून माझ्या मेव्हण्याला वाटलं इंजिन तापलंय, तो पाणी ओतायला निघाला. हाय म्हणजे व्होल्टेज हाय. होतं असं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या वायरवर आतूनच एका रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट सोडतो, सेन्सर हा तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स असतो, गार असताना जास्त, गरम झाला की कमी, आणि तो वायरवरचा व्होल्टेज खाली ओढतो. वायर तुटली किंवा पिन गंजली की ओढणारं कोणी नाही, व्होल्टेज ५ च्या आसपासच राहतो, आणि ईसीयूच्या हिशोबाने ते म्हणजे उणे ४० डिग्री. अ‍ॅपमध्ये लाइव्ह डेटा उघडला तर माझ्या गाडीत कूलंट उणे ४० दाखवत होतं, बाहेर घाम टपकतोय आणि गाडी समजतेय आपण ध्रुवावर आहोत. गंमत म्हणजे उणे ४० हा एकच आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हीकडे सारखा, त्यामुळे अ‍ॅपमध्ये सेटिंग काहीही असलं तरी चुकायचं नाही. एवढी थंडी म्हणून ईसीयू पेट्रोल जास्त सोडत होता, तो वास त्याचा, आणि सेन्सरवर भरवसा नाही म्हणून फॅन कायम चालू. याच्या उलट पी०११७, सर्किट लो, आला तर वायर कुठेतरी अर्थला टेकलीय किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. इनटेकच्या हवेच्या टेम्परेचर सेन्सरचे तसेच पी०११३ आणि पी०११२.

बॉनेट उघडायच्या आधी थोडं. शेड बंदिस्त असेल तर आत इंजिन चालू ठेवू नका, धुराने माणूस जातो. फॅन कधीही स्वतःहून फिरतो, बोटं आणि ओढणी लांब. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, हायब्रिड गाडीत जाड नारिंगी वायरी असतात, दोन्हींना हात लावायचा नाही. आणि कुठलाही कपलर काढताना किल्ली बंद.

सेन्सर कुठे आहे ते गाडीच्या मॉडेलचं नाव टाकून व्हिडिओ शोधला की मिळतं. कूलंटवाला सहसा थर्मोस्टॅटच्या जवळ, जिथे जाड रबरी पाइप इंजिनला लागतो तिथे. टॉर्च घ्या, आणि हात लावायच्या आधी नुसतं बघा. कपलर अर्धवट बसलाय का, वायरवर दातांच्या खुणा आहेत का, एअर फिल्टरच्या डब्यावर माडाच्या काथ्या किंवा पालापाचोळा जमलाय का, म्हणजे तिथे उंदराचं घर आहे. खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर लाल धुळीचा थर असतो आणि पावसात त्याचा चिखल होऊन कपलरच्या भोकात बसतो.

कपलर काढायची एक पद्धत आहे. त्याला लॉक असतं, छोटी जीभ, ती दाबून प्लास्टिक धरून ओढायचं, वायर धरून कधीच नाही. जुनं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं असतं, जोर केला तर जीभ मोडते आणि मग आयुष्यभर टाय बांधून फिरा. निघत नसेल तर आधी थोडं आत ढकला, मग जीभ दाबा, सुटतो. आत बघा. पिन चकचकीत हवी. पांढरा बुरा, हिरवा बुरा, काळपट डाग, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, आत पाण्याचा थेंब, रबराचं सील फाटलेलं, यातलं काहीही दिसलं तर तुमचा चोर तिथेच आहे. माझ्या कपलरमध्ये सीलच नव्हतं, आधी कधीतरी कोणीतरी काढून परत बसवायचं विसरलेला, आणि मग आमचा पाऊस.

साफ करायला इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे घ्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे सगळ्यांच्या घरी असतो, तो इथे नको, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कोड लिहून घेतलेला आहे म्हणून इथे चालतं, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. स्प्रे मारायचा, जुन्या टूथब्रशने किंवा दातांच्या फटीत घालतात त्या बारीक ब्रशने हलक्या हाताने घासायचं, परत स्प्रे, आणि पूर्ण सुकू द्यायचं. पॉलिशपेपर घेऊन पिना घासू नका, वरचा मुलामा जातो आणि दुप्पट वेगाने गंजतात. मग रबरी सीलला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी किंचित, नखावर मावेल एवढं. कपलर लावताना टक असा आवाज आला पाहिजे. माझं काम इथेच झालं, सील मेकॅनिकने त्याच्या भंगारातल्या कपलरमधून काढून दिलं.

तुमचं झालं नसेल तर मग मल्टीमीटर काढा. पण त्याआधी एक फुकटची टेस्ट आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन करा आणि अ‍ॅपमध्ये कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेएवढी दिसली पाहिजेत, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात पंचवीस-सव्वीसच्या आसपास. एक २६ आणि दुसरं ५५ दाखवत असेल तर ५५ वाला खोटं बोलतोय, त्यात ईसीयूने अजून कोड दिला नसला तरी.

दुसरी टेस्ट माझी आवडती. ही फक्त दोन वायरवाल्या टेम्परेचर सेन्सरला, तीन वायर असतील तर करू नका, ५ व्होल्टचा सप्लाय शॉर्ट होईल. किल्ली बंद करून कपलर काढा आणि किल्ली ऑन करून बघा, उणे ४० दिसेल. किल्ली बंद, कपलरच्या दोन भोकांत वायरचा बारीक तुकडा घालून दोन्ही जोडा, किल्ली ऑन, आता आकडा एकदम वर, १३० च्या पुढे गेला पाहिजे. गेला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठणठणीत, सेन्सर बदला, बिनधास्त. उणे ४० वरच अडून बसला तर वायर मध्ये तुटलीय, कितीही सेन्सर बदला, फरक पडणार नाही. नंतर कोड क्लिअर करायला विसरू नका, कारण या खेळात तुम्ही स्वतःच एक-दोन कोड तयार केलेले असतात.

बाकीच्या सेन्सरांचं थोडक्यात. मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा, किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. आपण समुद्राला लागून, म्हणून १०० किलोपास्कलच्या आसपास आकडा हवा, चोर्ला घाट चढून वर गेलात तर ९२ च्या जवळपास. इंजिन आयडलला आलं की तो साधारण २५ ते ४० मध्ये उतरतो. किल्ली ऑनला बरोबर आणि आयडलला ६० दाखवत असेल तर सेन्सरपेक्षा एखादा तडकलेला व्हॅक्यूम पाइप आधी शोधा, कान लावला तर सुंई आवाज येतो. हाच पाइप पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, या कोडलाही बऱ्याचदा कारण असतो. मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा, ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी त्याचा खास क्लीनर मिळतो तोच वापरायचा, आतली तार केसाएवढी असते, बोट, कापूस, ब्रश काहीही लावायचं नाही, कार्ब्युरेटर क्लीनर तर नाहीच.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, एक कन्व्हर्टरच्या पुढे, एक मागे. जुन्या पद्धतीचा असेल तर पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सारखा वरखाली नाचतो आणि मागचा बऱ्यापैकी स्थिर असतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि पी०४२० आला असेल तर कन्व्हर्टरवर संशय, पण आधी सायलेन्सरच्या जोडात कुठे गळती नाही ना ते बघा. नव्या बऱ्याच बीएस६ गाड्यांत पुढचा वेगळ्या जातीचा असतो, त्यांना हे नाचण्याचं गणित लागू नाही.

क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का ते ओळखणारा, हा मात्र रस्त्यात फसवणारा. लक्षण ठरलेलं, गाडी गरम झाली की चालता चालता बंद, अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. कोड पी०३३५. सेल्फ मारताना अ‍ॅपमधला आरपीएम बघा, इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्य, तर इथेच गडबड आहे. कपलर साफ करून बघा, पण हा सेन्सर बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूला असतो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड नसेल तर मेकॅनिककडे द्या.

एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या सेन्सरांचे कोड आले तर चारही सेन्सर एकाच दिवशी मेले असं होत नाही. बॅटरी बघा, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. ते ठीक असेल तर अर्थिंग, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी पट्टी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थची पट्टी गंजलीय, बोल्ट सोडून घासून परत आवळा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे कांदोळी, कळंगुट, मोरजी, आश्वे, तुम्ही तर हे सगळ्यात आधी बघा.

कधी येतो कधी जातो असा फॉल्ट असेल तर इंजिन आयडलला ठेवून लाइव्ह डेटा समोर धरा आणि वायरिंगचा जुडगा फॅनपासून लांबच्या जागी हळूहळू हलवा. जिथे हलवल्यावर आकडा उडी मारतो तिथे वायर आतून तुटलेली. वायर तपासायला तिचं कव्हर सुईने टोचायची सवय काही इलेक्ट्रिशनना असते, आपल्या हवेत त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांत तांब्याची काळी पूड होते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मोजता येतं, तेवढं पुरे. तुटलेली वायर जोडायची तर सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब. नुसती पिळून काळी टेप गुंडाळली तर मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो आणि जूनमध्ये पाणी आत.

उंदरांवर खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही. तंबाखूच्या पुड्या ठेवतात, स्प्रे मारतात, माझ्याकडे उंदराने पुडीच फाडून घर केलं. गाडी रोज हलवणं आणि एअर फिल्टरचा डबा महिन्यातून एकदा उघडून बघणं एवढंच मी करतो.

शेवटी कोड क्लिअर करा आणि चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, थंड इंजिनपासून सुरू करून पूर्ण गरम होईपर्यंत. बरेच फॉल्ट लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले की मगच लाइट लावतात, म्हणून मध्ये एकदा अ‍ॅपमध्ये पेंडिंग कोड आहे का बघा, लाइट नसली तरी तो आधी तिथे दिसतो. कूलंट सेन्सर बदललाच असेल तर सांडलेलं कूलंट पुसून टाका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे, आणि टाकी विहिरीच्या पाण्याने नाही तर कूलंटनेच भरा.

तो वर्कशॉपने काढून दिलेला जुना सेन्सर मी डिकीत टाकून ठेवला होता. नंतर एका रविवारी करवंटीत उकळतं पाणी घेतलं, सेन्सरचं टोक त्यात बुडवलं आणि मल्टीमीटर लावला. गार असताना दोन हजार ओहमच्या वर होता, पाण्यात टाकल्यावर सरसर उतरत अडीचशेच्या जवळ आला आणि पाणी निवत गेलं तसा परत चढायला लागला.